जीन्सचा नव्हे, खादीचा शुक्रवार

टाय लावून नोकरीवर येणारा माणूस बीड जिल्ह्यातल्या लिंबागणेशात शोधायचा म्हटलं तर अख्खा दिवस मोडेल आणि माणूस काही सापडणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा परिषदेची शाळा, ग्रामपंचायत, तलाठ्याचं कार्यालय, टपाल, बँक. तिथला पुरुष शर्ट-पँटमध्ये आणि बाई साडीत नाहीतर पंजाबी ड्रेसमध्ये. अशा गावात पुण्याच्या कंपनीत लागलेला कुणाचा तरी पुतण्या दिवाळीला येतो आणि सांगतो, की आमच्याकडे एका शुक्रवारी सगळे जीन्स-टीशर्टवर आले, प्रत्येकानं शंभर रुपये डब्यात टाकले आणि ते पैसे एका आश्रमाला दिले. तुम्हीपण करा की असं काही. गुरुजींना, सिस्टरना, बँकेतल्या कॅशियरला कल्पना आवडते. मग प्रश्न निघतात. साहेब चालू देतील का? शिपायाकडून किती घ्यायचे? पैसे कुणाच्या खात्यावर? आणि मुळात, आपण रोजच साध्या कपड्यांत येतो, तर उतरवायचं काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी. या दिवसाचा जन्म आपल्याकडचा नाही. हवाई बेटांवर 1966 च्या सुमारास शुक्रवारी फुलाफुलांचा शर्ट घालून कचेरीत यायची मुभा मिळाली आणि तिथून हा ऐसपैस शुक्रवार अमेरिकाभर पसरला. दानाची जोड नंतरची. जीन्स बनवणाऱ्या ली कंपनीनं 1996 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या निधीसाठी एक दिवस ठरवला: पाच डॉलर द्या आणि जीन्स घालून कामावर या. ब्रिटनमध्ये आनुवंशिक आजार असलेल्या मुलांसाठी जीन्सचा दिवस पाळतात, आणि 2012 पासून सेव्ह द चिल्ड्रन ही संस्था नाताळाच्या आधी चित्रविचित्र स्वेटर घालायला लावून पैसे गोळा करते. या सगळ्यांची कळ एकच आहे. रोजचा पोशाख जाचक असतो, तो एका दिवसापुरता टाळायची मोकळीक विकत घ्यायची आणि विक्रीचे पैसे चांगल्या कामाला द्यायचे.

लिंबागणेशात ही कळ दाबून काही वाजणार नाही. इथे ज्यांना ठरावीक पोशाख आहे, त्या परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशाताई, पोस्टमन आणि एसटीचे वाहक, त्यांचा पोशाख ही त्यांची ओळख आहे. ताप आलेलं लेकरू घेऊन वाडीवरून आलेल्या आजीला सिस्टर कोण हे कपड्यावरूनच कळतं. तिथे मोकळीक नको. आणि उरलेल्यांना जाच असा नाहीच.

पण ठरवून कपडे घालायची हौस आपल्याकडे भरपूर आहे. नवरात्रातले नऊ रंग पाहा. कुठल्याही पोथीत नसलेली ही चाल 2003-04 च्या सुमारास महाराष्ट्र टाइम्सनं लोकप्रिय केली आणि बघता बघता मंत्रालयापासून मुंबईच्या लोकलपर्यंत आणि जिल्ह्याच्या बँकेपासून गावच्या शाळेपर्यंत बायका एका रंगात येऊ लागल्या. कुणी परिपत्रक काढलं नाही, कुणी दंड ठेवला नाही. म्हणजे एका दिवशी एकसारखं दिसण्याचा आनंद लोकांना हवा आहे. त्याला डबा जोडायचा, एवढंच काम उरतं.

आता नियमाचं बघू, कारण सरकारी माणसाला पहिला प्रश्न तोच पडतो. 8 डिसेंबर 2020 ला सामान्य प्रशासन विभागानं कर्मचाऱ्यांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या. जीन्स आणि टी-शर्ट नको, गडद आणि चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, स्लिपर नको. त्यावर बरीच ओरड झाली आणि पुढच्या काही महिन्यांत जीन्सवरची बंदी सैल झाली, टी-शर्टवरची राहिली. 15 मार्च 2024 ला शालेय शिक्षण विभागानं शिक्षकांसाठीही असंच पत्रक काढलं. पुरुषांनी फिक्या रंगाचा शर्ट आणि गडद पँट, शर्ट खोचलेला. स्त्रियांनी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा. जीन्स, टी-शर्ट आणि भडक छपाई टाळावी. तेव्हा पुण्याच्या पुतण्याचा जीन्सचा शुक्रवार जसाच्या तसा शाळेत आणला, तर मुख्याध्यापकांना केंद्रप्रमुखांपुढे उत्तरं देत बसावं लागेल.

गंमत अशी, की त्याच 2020 च्या सूचनांमध्ये एक वाक्य आणखी होतं: आठवड्यातून किमान एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी. ते किती जणांच्या लक्षात राहिलं, हे आपल्या कार्यालयातल्या मागच्या शुक्रवारकडे पाहिलं तरी कळेल. सुती, सैल, मराठवाड्याच्या उन्हाला मानवणारा पोशाख, शिवाय शासनानंच सांगितलेला. त्यासाठी वेगळी परवानगी मागायला नको. म्हणून माझं सरळ मत असं आहे, की लिंबागणेशसारख्या गावात दानाचा दिवस करायचा तर तो खादीचा शुक्रवार असावा. नवरात्राच्या नऊ दिवसांत एक तरी शुक्रवार पडतोच. ज्यांना रंगाची हौस आहे त्यांनी त्या दिवसाचा रंग खादीत शोधावा, ज्यांना नाही त्यांनी पांढरा सदरा घालावा.

इथे एक काळजी घ्या. खादी स्वस्त नाही. पन्नास रुपये दान करायला हजाराचा कुर्ता घ्यावा लागला, तर सगळा उद्योगच उलटा. घरात असेल ती खादी, नसेल तर कुठलंही सुती कापड, आजोबांचं उपरणं, हातमागाची साडी, नुसता खादीचा रुमाल, काहीही चालेल असं सूचनेतच लिहा. खरेदी करायचीच असेल तर एवढं ध्यानात असू द्या, की खादीचे राष्ट्रध्वज ज्या मोजक्या ठिकाणी तयार होतात त्यात आपल्या मराठवाड्यातली नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे. तुमचा पैसा दूर जाणार नाही.

रंगांबद्दलही थोडं. नवरात्राचा रंग सक्तीचा केला, तर कार्यालयातल्या मुस्लिम किंवा बौद्ध सहकाऱ्याला तो आपला दिवस वाटेल असं नाही. एखाद्या विधवा बाईला लाल किंवा हिरव्याच्या दिवशी घरातून बोलणी खावी लागतात, हे गावात नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच वर्षी मे महिन्यात राज्य शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. पण घराच्या उंबरठ्याआड परिपत्रक पोचायला वेळ लागतो. तुमच्या कार्यक्रमामुळे कुणाची कुचंबणा व्हायला नको. खादीत हा प्रश्न येत नाही, हे तिचं आणखी एक बळ.

कपड्यांना परवानगी लागत नसली, तरी पैसे गोळा करायला लागते. हे पुष्कळांना माहीतच नसतं. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय कुठल्याही कारणासाठी निधी मागता किंवा गोळा करता येत नाही. हेतू चांगला आहे, ही सबब पुरत नाही. शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य केंद्रातले बरेच कर्मचारी जिल्हा परिषदेचे. त्यांना 1967 चे वेगळे वर्तणूक नियम आहेत. त्यांनीही वरिष्ठांकडून आधी लेखी होकार घ्यावा. शाळेनं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून, आरोग्य केंद्रानं तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून, ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी गटविकास अधिकाऱ्यांकडून. बँक आणि टपालाचे लोक आपापल्या विभागीय कार्यालयाला विचारतील.

अर्ज लांबवू नका. मजकूर असा पुरेसा आहे: "अमुक तारखेला, शुक्रवारी, आमच्या कार्यालयातले कर्मचारी खादी किंवा सुती पोशाखात येऊन स्वेच्छेने देणगी देणार आहेत. देणगी अमुक नोंदणीकृत संस्थेच्या पावतीपुस्तकावर जमा होईल. कामाच्या वेळेत अडथळा येणार नाही. नागरिकांकडून कोणतीही रक्कम घेतली जाणार नाही. हिशोब तीन दिवसांत कार्यालयास सादर केला जाईल. परवानगी मिळावी." खाली दोघातिघांच्या सह्या. त्यातलं चौथं वाक्य फार महत्त्वाचं. सातबारा न्यायला आलेल्या शेतकऱ्याला किंवा औषधाच्या रांगेतल्या रुग्णाला टेबलावरचा डबा दिसला, की तो काय समजेल हे सांगायची गरज नाही. आपल्याकडे कार्यालयातल्या टेबलाखालच्या व्यवहारानं एवढी बदनामी करून ठेवली आहे, की टेबलावरचा डबासुद्धा संशयातून सुटत नाही. डबा आतल्या खोलीत ठेवा.

गावातल्या दुकानांतून, चौकातूनही पैसे जमवावेत, असा उत्साह कुणाला आला तर थांबवा. लोकांकडून धर्मादाय कारणासाठी वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 41क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाला आधी कळवावं लागतं. गणेश मंडळं दरवर्षी घेतात ती परवानगी याच कलमाखालची. गणपतीच्या गावाला हे नव्यानं सांगायला नको. भालचंद्र गणपतीच्या या क्षेत्रात गणेशोत्सवाची वर्गणी कशी जमते आणि कशी वाजते, हे लिंबागणेशकर चांगलं जाणतात. कार्यालयाच्या दिवसाची वर्गणी होऊ देऊ नका. चार भिंतींत, आपापसांत, संस्थेच्या पावतीवर, एवढंच असू द्या.

आता पैसे कुणाला? बीड जिल्ह्यात याचं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. बीडहून मांजरसुंब्याकडे येताना पाली लागतं. तिथे दत्ता आणि संध्या बारगजे यांचं इन्फंट इंडिया हे एचआयव्हीबाधित मुलांचं घर आहे. आनंदग्राम या नावानं लोक ते ओळखतात. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं शांतिवन आहे. ऊसतोड कामगारांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं तिथे राहून शिकतात. गेवराईकडे संतोष गर्जे यांचं बालग्राम आहे. तिन्ही ठिकाणी आधी फोन करून विचारा, की काय हवं आहे. बहुतेकांना जुने कपडे नको असतात, किराणा, औषधं किंवा शाळेचं साहित्य हवं असतं. कपड्यांचा दिवस आहे म्हणून कपडेच गोळा करू, ही कल्पना कुणीतरी काढणारच. तिला हसून नकार द्या.

आणखी एक पर्याय मला अधिक जवळचा वाटतो. दसरा झाला, की आपल्या भागातले कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, घर बंद होतं, आणि लेकरं एकतर ट्रॅक्टरवर बसून आईबापाबरोबर जातात नाहीतर आजी-आजोबांपाशी राहतात. त्यांच्यासाठी शाळांमधून हंगामी वसतिगृहं चालतात. शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते, पैसे शासनाचे असतात. पण शासनाच्या पैशांत काय बसत नाही, ते मुख्याध्यापकांना विचारा. जादा पांघरूण, मुलींसाठी सॅनिटरी पॅड, रात्रीच्या अभ्यासाला दिवा, वह्यांची दुसरी खेप, अशी छोटी यादी निघेल. नवरात्रातला शुक्रवार आणि कोयत्यांचं निघणं यांच्यात थोडेच दिवस असतात. पैसा त्याच वेळी हातात आला तर त्याचा उपयोग होतो. फेब्रुवारीत आलेल्या पांघरुणाचं मूल काय करणार?

इथे पावतीचा एक फरक आहे. संस्था नोंदणीकृत असेल आणि तिला 80जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकराची मान्यता असेल, तर देणगीदाराला करसवलत मिळू शकते. शाळेच्या समितीला दिलेल्या पैशाला ती मिळेलच असं नाही. तशी ती सवलत तरी कितीशी? नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदाराला ती मिळत नाही, आणि जुनीत पन्नास-शंभर रुपयांवर वाचणारा कर चहाच्या पैशाइतका. रोख देणगी दोन हजारांच्या वर असेल तर तिच्यावर सवलतच नाही. सवलतीच्या मोहानं संस्था निवडू नका.

पण सवलतीचा एक सापळा मात्र लक्षात ठेवा, कारण तो दरवेळी कुणाला तरी पकडतो. बारा जणांचे पैसे एकानं गोळा केले आणि स्वतःच्या मोबाइलवरून संस्थेला एकदम पाठवले, तर पावती त्या एकाच्याच नावानं येते. वर्षअखेरीला संस्था आयकर खात्याला देणगीदारांची यादी देते, तिच्यात त्याचाच पॅन लागतो. म्हणजे दान बारा जणांचं आणि करसवलत एकाची. त्याच्या मनात काही नसेल, तरी पुढच्या वर्षी चहाच्या टपरीवर विषय निघतोच. एक तर प्रत्येकानं संस्थेच्या क्यूआर कोडवर आपलं आपण पाठवावं, किंवा पैसे जमवणाऱ्यानं आधीच लेखी सांगावं, की या पावतीवर मी सवलत घेणार नाही.

क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. सरांचा वैयक्तिक नंबर "सोयीसाठी" वापरायचा मोह होईल. होऊ देऊ नका. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर संस्थेचं नाव उमटतं का, ते पैसे पाठवण्याआधी बघा. रोख देणाऱ्यांसाठी कुलपाचा डबा, चावी एकाकडे आणि डबा दुसऱ्याकडे. मोजणी दोघांनी, दोन वेगवेगळ्या विभागांतल्या, त्याच दिवशी संध्याकाळी कार्यालय सुटायच्या आधी. दुपारी जुम्म्याच्या नमाजाची वेळ असते, तेव्हा मोजणी किंवा फोटो ठेवला तर काही सहकारी आपोआप बाहेर राहतात, म्हणून संध्याकाळच बरी. रक्कम मोजली, की कागदावर एकूण आकडा, नोटा-नाणी किती, दोघांच्या सह्या. तो कागद सूचनाफलकावर लावा. सोमवारी पैसे संस्थेला आणि पावती आली की तीही त्याच खिळ्याला. एवढं केलंत, तर पुढच्या वर्षी कुणाला पटवावं लागणार नाही.

एक गोष्ट मात्र त्या फलकावर कधीच लावू नका: कुणी किती दिले याची यादी. व्हॉट्सअॅप ग्रुपवरही नाही. आपल्याकडे देवळाच्या भिंतीवर संगमरवरी पाट्या लावायची सवय इतकी मुरलेली आहे, की नावं लिहिल्याशिवाय दान झाल्यासारखं वाटत नाही. कार्यालयात तीच यादी दबाव होते. साहेबांनी हजार लिहिले, की हेडक्लार्क पाचशे लिहितो, त्याखालचा दोनशे, आणि शेवटी सफाई करणाऱ्या कंत्राटी बाईला पन्नास लिहावे लागतात. ते तिच्या त्या दिवसाच्या भाजीचे असतात.

हा मुद्दा सगळ्यांत मोठा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. सरकारी नोकराला पगारातून होणाऱ्या कपातीची सवय आहे. संकट आलं, की एक दिवसाचं वेतन मुख्यमंत्री सहायता निधीला जातं. दरवर्षी 7 डिसेंबरला, म्हणजे 1949 पासून चालत आलेल्या सशस्त्र सेना ध्वजदिनाला, जिल्ह्याला निधीचं उद्दिष्ट येतं, ते कार्यालयांत वाटलं जातं आणि खिशाला ध्वज टोचून घेतला जातो. सैनिकांच्या कुटुंबांसाठी पैसे द्यायला कुणाची ना नसते. पण उद्दिष्ट आलं, की दानाचं टेंडर होतं. लोक देतात आणि कुरकुरतात. तुमच्या शुक्रवारची गणना या कपातींत झाली, तर पहिल्याच वर्षी तो मेला समजा.

म्हणून रक्कम ठरवू नका. "किमान पन्नास" असंही लिहू नका. बंद पाकीट ठेवा, त्यात दहा रुपये असोत, पाचशे असोत, किंवा काहीच नसो. रिकामं पाकीटही डब्यात पडलं पाहिजे आणि ते कुणाचं हे कुणाला कळू नये. आशाताई, मदतनीस, पोषण आहार शिजवणाऱ्या बायका, शिपाई, रोजंदारीवरचे लोक, यांना वेगळं सांगा, की खादी घालून या, डबा ऐच्छिक आहे. आणि कार्यालयप्रमुखांनी आपलं पाकीट गाजावाजा न करता सकाळीच टाकावं. त्यांनी मध्यभागी उभं राहून भाषण केलं, की ऐच्छिक हा शब्द संपला.

तुम्ही आयोजक नसाल, नुसते सहभागी असाल, तर तुमचं काम सोपं आहे. संस्था कोणती, पैसे कुठल्या खात्यात, हिशोब कधी, हे तीन प्रश्न विचारा. विचारण्यात गैर काही नाही. प्रामाणिक आयोजकाला ते आवडतात. उत्तरं मिळाली तर द्या. नको असेल तर सरळ "यंदा जमणार नाही" म्हणा, कारण देत बसू नका. देणगी दिली नाही म्हणून खादी घालायला कुणी हरकत घेऊ शकत नाही, आणि दिली म्हणून घालायलाच हवी असंही नाही. कपड्यांत अतिरेक टाळा. धोतर-फेटा बांधून एखादे काका आले तर वाहवा होईल, पण त्याच फेट्यात लसीकरणाच्या टेबलावर बसले तर रांगेतली पोरं लसीऐवजी फेट्याकडे बघतील, आणि ते कदाचित बरंच. परिचारिकांनी, प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञांनी पोशाख आणि ओळखपत्र नेहमीचंच ठेवावं, हवं तर गळ्यात खादीचा पट्टा किंवा खिशाला रुमाल. बाजाराचा दिवस, संकष्टीची गर्दी, लसीकरणाचं शिबिर यांच्याशी तारीख भिडत असेल तर ती बदला.

शाळेत हा दिवस करणार असाल, तर तो शिक्षकांपुरता ठेवा. विद्यार्थ्यांचा बिनगणवेशाचा दिवस करून प्रत्येकाकडून दहा रुपये घ्यायची कल्पना शहरातल्या शाळेत चालत असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेत वाढदिवसाला रंगीत कपडे घालून चॉकलेट वाटणारी मुलं असतात, तशी वाढदिवस लपवणारीही असतात, कारण त्यांच्याकडे गणवेशाशिवाय अंगावर घालण्यासारखा दुसरा जोड नसतो. गणवेश त्या मुलांना झाकतो. तो दहा रुपयांसाठी काढू नका.

फोटोंबद्दल कडक राहा. आपला फोटो हवा तेवढा काढा, मुलांचा नको. एचआयव्हीबाधित व्यक्तीची ओळख तिच्या संमतीशिवाय उघड करायला 2017 च्या कायद्यानं बंदी आहे, आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख छापण्याबद्दल बाल न्याय अधिनियमातही शिक्षा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, बिस्किटाचा पुडा हातात धरून कॅमेऱ्याकडे बघणारं लेकरू कुणाच्या स्टेटसवर कशाला? पैसे संस्थेच्या कार्यालयात द्या, चहा घ्या, परत या. फ्लेक्स लावू नका. पुढाऱ्याला बोलावू नका. तो आला, की फ्लेक्स आपोआप येतो.

रकमेबद्दल मोठ्या अपेक्षा ठेवल्या तर हिरमोड होईल. बारा माणसांच्या कार्यालयानं सरासरी पन्नास दिले तर सहाशे रुपये होतात. म्हणून गावातली चार-पाच कार्यालयं एकत्र या. शाळा, आरोग्य केंद्र, ग्रामपंचायत, बँक आणि टपाल मिळून साठ माणसं झाली, तर तीन हजारांपर्यंत जाता येतं. परवानगी मात्र प्रत्येकानं आपल्या विभागाची घ्यायची आणि पावतीही आपापली. तीन हजारांत एका वसतिगृहाची वह्यांची गरज बरीचशी भागते. पांघरुणं त्यात बसणार नाहीत, तेव्हा मुख्याध्यापकांच्या यादीतली एकच वस्तू निवडा आणि ती पूर्ण करा. पाच वस्तूंचे पाच तुकडे देऊ नका.

तारीख नवरात्रातली घ्यायची, तर अर्ज पितृपंधरवडा लागायच्या आधीच तालुक्याला गेला पाहिजे. कागद या टेबलावरून त्या टेबलावर सरकायला तेवढे दिवस लागतातच, आणि दसरा उलटून गेल्यावर मिळालेल्या परवानगीचा कोयत्यांच्या लेकरांना काही उपयोग नाही.